वाचनालयात माणसं बसवायची, पण कधी आणि कोणाच्या जिवावर?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तालुक्याच्या गावातलं, पंचाहत्तरी ओलांडलेलं वाचनालय. तुम्ही यंदाच कार्यवाह झालात. पुस्तकांची देवघेव वर्षागणिक घटतेय, खालच्या अभ्यासिकेत मात्र खुर्ची मिळत नाही. वर एक हॉल आहे, तो बहुतेक दिवस कुलपात. कार्यकारी मंडळात दोन तट पडलेत. एका गटाचं म्हणणं, हॉल बारशा-साखरपुड्याला भाड्याने द्या, चार पैसे येतील. दुसऱ्या गटातल्या तरुण सभासदाने हेलसिंकीच्या ओडी ग्रंथालयाचा व्हिडिओ दाखवला, आणि आता त्यांना वाचनालय हे गावाने जमायचं ठिकाण करायचंय. तुमच्या ग्रंथपाल बाई म्हणतात, मला दोनच हात आहेत. तुम्ही विचारता, आपण कोणाचं ऐकावं, आणि असं केलं तर ते वाचनालय राहील का?

मी अशाच एका गावातल्या वाचनालयात सहायक म्हणून लागले, ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले आणि आता तिथल्याच मंडळावर आहे. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बसून झालंय. आधीच सांगते, जागा कोणाच्या मालकीची, सरकारी मान्यतेच्या 'अ' ते 'ड' यांपैकी वाचनालय कोणत्या वर्गाचं, जिना कुठून चढतो आणि पगारावर माणसं किती, या चार गोष्टींवर माझं निम्मं उत्तर बदलेल. जिथे बदलेल तिथे तसं म्हणेन.

'वाचनालय राहील का' ही भीती मात्र मनातून काढून टाका. आपल्याकडची वाचनालयं जन्मालाच आली ती लोक जमले म्हणून. रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं. काही ठिकाणी इंग्रज अधिकाऱ्यांचा पुढाकार होता, काही ठिकाणी गावातल्या शिकलेल्यांचा. पण एकट्याला परवडत नाही ते दहाजणांनी वर्गणी काढून आणायचं, हा हिशेब सगळीकडे सारखा. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं स्वतःचं नाट्यगृह आहे, वस्तुसंग्रहालय आहे, आणि म्हणून ते वाचनालय नाही असं कोणी म्हणालेलं माझ्या ऐकिवात नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानेही हीच घडी कायम ठेवली. मोजकी शासकीय ग्रंथालयं सोडली तर वाचनालय गावच्या संस्थेने चालवायचं, सरकारने मान्यता आणि अनुदान द्यायचं. म्हणजे सभासद, सर्वसाधारण सभा, निवडणूक, भांडणं, सगळं पहिल्यापासून आहेच. तुमचे दोन तट हीसुद्धा जुनीच परंपरा.

वर्तमानपत्राच्या टेबलाचंच बघा. मी लागले तेव्हा सकाळी आठला कुलूप निघायच्या आत पायरीवर चारजण बसलेले असत. अग्रलेखाचं पान एकाकडे, बाजारभावाचं दुसऱ्याकडे, आणि शब्दकोडं कोणी पेनने भरून टाकलं की त्या दिवशीचं भांडण ठरलेलं. शेवटी आम्ही कोड्याची झेरॉक्स काढून ठेवू लागलो. या टेबलावरचा एखादा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी बाकीच्यांपैकी कोणीतरी त्याच्या घरी चक्कर टाकायचं. पेपर आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आहे, तरी ती मंडळी येतात, कारण पेपर हे निमित्त होतं. आमच्या वार्षिक अहवालात त्यांची नोंद 'मुक्तद्वार वाचन विभाग' एवढीच. गावातल्या म्हाताऱ्या माणसांची रोजची हजेरी आपण घेत होतो, हे मंडळाला कधी सुचलं नाही. मलाही त्या वेळी ते कामाचा भाग वाटत नव्हतं, रोजची कटकट वाटायची.

तेव्हा पुस्तकं की माणसं हा तुमच्यापुढचा पेच नाहीच. खरा पेच असा की चार तऱ्हेच्या लोकांना एकच इमारत हवी आहे. पेपरवाली ज्येष्ठ मंडळी, अभ्यासाची मुलं, शाळकरी पोरं आणि बायका. प्रत्येकाची वेळ वेगळी, आवाज वेगळा. आणि दार उघडायला एकच माणूस.

यातली अभ्यासिका सगळ्यात अवघड, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त बोलते.

एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, बँक. मुलं सकाळी सातला येतात, खुर्चीवर घरून आणलेली उशी, टेबलावर पाण्याची बाटली, पिशवीत चपाती-भाजी. चहाला जाताना जागा धरायला रुमाल. ही मुलं आपल्या कपाटांकडे वळून बघत नाहीत, नोट्स आपल्या आपण आणतात, अशी कुरकुर प्रत्येक मंडळात असते. खरंच आहे ते. पण दोन खोल्यांच्या घरात, टीव्ही चालू असताना, त्या मुलाने आठ तास कुठे बसायचं? मुलींचं तर याहून पुढचं. मैत्रिणीकडे जाते म्हटलं की चार प्रश्न येतात, लायब्ररीत जाते म्हटलं की एकही येत नाही. गावात विशीतल्या मुलीला कोणी काही न विचारता दिवसभर बसू देईल अशी दुसरी जागा मला दाखवा. देऊळ आहे, पण तिथेही फार वेळ बसलं की विचारतातच.

म्हणून अभ्यासिका बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. तिची अडचण दुसरी आहे. तिची शांतता सगळ्या इमारतीवर चढते. 'शांतता राखा' ही पाटी मुळात वाचनकक्षापुरती असते, हळूहळू ती दारापासून लागू होते. बालविभागात पोरं हसली की आतून 'शूऽऽ' येतं. पेपर वाचणारे आजोबा ऐकायला कमी येतं म्हणून मोठ्याने बोलले की कोणीतरी मान वर करून बघतं. अशाने पोरं आठवड्याभरात येईनाशी होतात आणि आजोबा महिन्याभरात. मग मंडळ म्हणतं, लोकच येत नाहीत हो, फक्त अभ्यासाची मुलं येतात.

तुमची अभ्यासिका खाली आणि हॉल वर कुलपात, हे वाचलं तेव्हाच माझ्या मनात आलं की हे उलटं करा. अभ्यासिका वर न्या. विशी-पंचविशीची मुलं आहेत, जिना चढतील. तळमजला ज्यांना जिना चढवत नाही त्यांना आणि ज्यांना गप्प बसवत नाही त्यांना ठेवा. पुस्तकांची कपाटं खालीच, देवघेवीचं टेबल खालीच, आणि खाली बोलायला परवानगी. 'शांतता राखा'ची पाटी काढून जिन्याच्या वरच्या टोकाला लावा. आमच्याकडे हे केलं तेव्हा पहिली तक्रार अभ्यासाच्या मुलांचीच होती, वर उकडतं म्हणून. पत्र्याखालचा हॉल असेल तर ती तक्रार रास्त आहे. पंखे वाढवायचे तर आधी वायरमनला दाखवून घ्या, जुन्या इमारतीची वायरिंग दहा पंखे आणि वीस चार्जर पेलेलच असं नाही. वर स्वच्छतागृह नसेल तर मुलींच्या दृष्टीने हा बदल करूच नका, आधी ते बांधा. आणि जिना कपाटांच्या मधून जात असेल तर रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका चालू ठेवताना खालच्या पुस्तकांवर लक्ष कोणी ठेवायचं हा प्रश्न येतोच. बाहेरून जिना असेल तर तुम्ही नशीबवान.

हॉल असा वापरात आला की भाड्याचा वाद आपोआप मिटतो. तरी त्यावर माझं मत स्वच्छ सांगते, कारण हा वाद पुन्हा उठणार. घरगुती समारंभांना वाचनालयाची जागा देऊ नये. लग्नसराई एप्रिल-मेमध्ये, आणि शाळकरी मुलांना सुट्टी असते तीही नेमकी तेव्हाच. म्हणजे वर्षातले जे सहा आठवडे पोरं हाताला लागू शकतात, तेच तुम्ही मांडववाल्याला देणार. जेवणावळ झाली की मुंग्या येतात, मग झुरळं, आणि झुरळांना पुस्तकाच्या बांधणीची खळ फार प्रिय. जुने अंक एकदा कुरतडले की ते परत मिळत नाहीत. याशिवाय कागदोपत्री भाग आहे. जागा नगरपालिकेने भाडेपट्ट्याने दिली असेल तर करारात वापराचं कलम असतं, ते काढून वाचा. संस्थेच्या घटनेत उद्देश काय लिहिलेत ते वाचा. व्यापारी वापर दिसला की मालमत्ता कराची आकारणी बदलू शकते. या सगळ्यातून हाती येणारं भाडं साफसफाईत आणि डोकेदुखीत जातं. अभ्यासिका वर नेणं जमलं नाही, आणि हॉल वेगळा जिना, वेगळं दार असलेला, कपाटांपासून लांबचा असेल तर तबल्याचा वर्ग, योगवर्ग, हस्ताक्षराचा वर्ग अशा ठरावीक वाराच्या, ठरावीक तासाच्या गोष्टींना जरूर द्या. त्यात एक फायदाही असतो. मुलाला वर्गाला सोडायला आलेली आई तासभर खालीच थांबते.

आता बायकांकडे येते. बहुतेक वाचनालयांची वेळ सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ अशी किंवा याच्या आसपासची. सकाळी डबे असतात, संध्याकाळी स्वयंपाक. म्हणजे घर सांभाळणारी बाई ज्या वेळेला मोकळी असते, नेमकं त्या वेळेला आपलं कुलूप. ही वेळ कोणी दुष्टपणाने ठरवलेली नाही, नोकरदार पुरुषांच्या सोयीने ठरली आणि तशीच राहिली. बायका पूर्वीही वाचायच्या, पण पुस्तक नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातून घरी जायचं. मुलगा चिठ्ठी घेऊन यायचा, 'ही वाचली आहेत, दुसरं द्या' आणि खाली नंबरांची रांग. एक आजी वाचून झालेल्या प्रत्येक पुस्तकात ठरावीक पानावर पेन्सिलीने बारीक टिंब करायच्या, म्हणजे पुन्हा तेच आलं तर कळावं. पुस्तकं बाद करायला काढली तेव्हा मला किती पुस्तकांत ते टिंब सापडलं! एवढं वाचणारी बाई वाचनालयाची पायरी क्वचितच चढली होती.

आम्ही आठवड्यातून दोन दुपारी, तीन ते पाच, दार उघडं ठेवायला लागलो. कार्यक्रम काहीही नाही. खुर्च्या, पंखा, मासिकं, पाण्याचा माठ. पहिले काही आठवडे कोणी फिरकलं नाही आणि मंडळात हसं झालं. मग शेजारच्या गल्लीतल्या तिघी आल्या, त्या विणकाम घेऊन आल्या. येऊ दिलं. त्यांच्यातली एक हळूहळू मोठ्याने वाचायला लागली आणि बाकीच्या विणता विणता ऐकायला. हे आम्ही ठरवून केलं असतं तर त्याला 'महिला वाचन कट्टा' असं नाव दिलं असतं, फलक रंगवला असता, उद्घाटनाला कोणालातरी बोलावलं असतं, आणि तिसऱ्या महिन्यात ते बंद पडलं असतं.

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. महिना दीड हजार रुपये, अर्ज मोबाइलवर भरायचा, हमीपत्र जोडायचं, फोटो चढवायचा. सेतू केंद्रापुढे रांगा. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलींनी विचारलं, खालच्या टेबलावर बसून भरून देऊ का? त्यांना असल्या अर्जांचा सराव असतोच, स्वतःचे भरून भरून. काही दिवस तळमजला बायकांनी भरून गेला. दाराशी चपला मावेनात. ज्या घरांतून आजवर एकही सभासद नव्हता त्या वस्त्यांमधल्या बायका पहिल्यांदा आत आल्या. मंडळातल्या काहींना वाटलं, आता सभासद दुपटीने वाढणार. तसं झालं नाही. अर्ज भरून झाला की बहुतेकजणी गेल्या त्या गेल्या. परत आल्या त्या मोजक्या, आणि त्यासुद्धा दुपारी दार उघडं असतं हे त्यांनी येता-जाता पाहिलं होतं म्हणून. गर्दी झाली म्हणजे माणसं जोडली गेली असं समजू नका, एवढंच यातून घ्या. तसं काही तुम्ही केलंत तर एक पथ्य पाळा. आधारची झेरॉक्स वाचनालयात ठेवून घेऊ नका, ओटीपी ज्याचा त्याने स्वतः टाकावा, आणि अर्जाचे पैसे कोणीही घेऊ नयेत. मुलींना चहा-नाश्ता संस्थेने द्यावा, त्याला कोणी आक्षेप घेत नाही.

आता एक नाजूक गोष्ट. 'गावाने जमायचं ठिकाण' असं आपण म्हणतो तेव्हा गावातलं कोण, हे विचारायला हवं. मंडळात वर्षानुवर्षं तीच दोन-तीन आळीतली आडनावं असतील तर बाकीच्या वस्त्यांना ती इमारत आपली वाटत नाही, तुम्ही दार कितीही उघडं ठेवा. सावित्रीबाईंची जयंती, महात्मा फुल्यांची, बाबासाहेबांची, या सगळ्या आपण साजऱ्या करतो. म्हणजे काय करतो? फोटोला हार, उदबत्ती, दोन मिनिटं भाषण, मोबाइलवर फोटो, अहवालात ओळ. त्याऐवजी १४ एप्रिलच्या आठवड्यात वस्तीतल्या वाचणाऱ्या पोरांनाच विचारा की कोणती पुस्तकं घ्यायची, आणि ती घ्या. पुस्तक निवड समितीत त्यांच्यातला एक घ्या. आमच्याकडे यावर मंडळाच्या दोन बैठका तापल्या, हे लपवत नाही. पण नंतर देवघेवीच्या वहीत जी नवी नावं दिसली ती त्या नव्या पुस्तकांच्या कपाटामुळे दिसली.

राजकारणाबद्दल एकच नियम: जागा द्यायची तर सगळ्यांना एकाच अटीवर, नाहीतर कोणालाच नाही. आम्ही दुसरा पर्याय निवडला. गावात कोणालाही एकदा हो म्हटलं की पुढच्याला नाही म्हणताना तुमची बाजू उघडी पडते.

आता ओडी. तुमच्या तरुण सभासदाला नाउमेद करू नका, त्याने चांगलं बघितलंय. डिसेंबर २०१८ मध्ये ती इमारत उघडली. पुस्तकं वरच्या मजल्यावर, मधल्या मजल्यावर शिवणयंत्रं, थ्री-डी प्रिंटर, गाण्याच्या तालमीच्या खोल्या, भाड्याने घेता येईल असं स्वयंपाकघरसुद्धा. पण त्यामागे काय आहे ते व्हिडिओत दिसत नाही. फिनलंडमध्ये ग्रंथालय चालवणं ही पालिकेची जबाबदारी आहे, आणि २०१७ पासून लागू असलेल्या त्यांच्या कायद्यात शिकायला, काम करायला, नागरिकांच्या उपक्रमांना जागा देणं हे ग्रंथालयाचं कामच म्हणून लिहिलंय. पैसा करातून येतो. तितकं लांब जायलाही नको. केरळात पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ मध्ये गावोगावची वाचनालयं एका संघात बांधली, त्यांच्या स्मृतिदिनी, १९ जूनला, तिथे वाचनदिन असतो. तिथल्या गावच्या वाचनालयाला बालवेदी, वनितावेदी असे विभाग असतात, मुलांचे आणि बायकांचे. आणि तिथे मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे. आपल्या १९६७ च्या कायद्यात असा उपकर नाही. आपण अनुदानावर.

ते अनुदान किती? २०२२ मध्ये त्यात साठ टक्के वाढ करायचा निर्णय झाला, तेव्हा 'ड' वर्गाचं वर्षाचं ३० हजारांवरून ४८ हजार झालं, आणि तालुका 'अ' वर्गाचं ३ लाख ८४ हजारांवरून सुमारे ६ लाख १४ हजार. साधारण निम्मं वेतनावर आणि निम्मं ग्रंथखरेदी, वीज, देखभाल वगैरेवर. त्या हिशेबाने 'ड' वर्गात म्हणजे महिन्याला दोन हजार रुपयांत एक माणूस. हप्ते येतात तेव्हा येतात. या पगारात जी बाई सकाळ-संध्याकाळ दार उघडते, नव्या पुस्तकांची दाखल नोंदवही लिहिते, सरकारी तपासणीची तयारी करते, पावसात गळतीखाली बादली ठेवते, तिला तुम्ही आता 'दुपारीही या आणि रविवारी गोष्टींचा तास घ्या' म्हणणार. तुमच्या ग्रंथपाल बाईंचे दोन हात हे कुरकुरणं नव्हे, ते तुमच्या सगळ्या योजनेचं माप आहे.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: अभ्यासिका वर, बोलणारी माणसं खाली, समारंभ नकोत, दुपारी दार उघडं, आणि जो दार उघडेल त्याला पैसे. यातलं शेवटचं जमत नसेल तर आधीची चार कागदावरच राहतील.

पैसे कुठून आणायचे? अभ्यासिकेची फी हा पहिला मार्ग. तालुक्याच्या गावांतही आता खासगी अभ्यासिका निघाल्यात, त्यांच्या निम्म्यात तुम्ही देऊ शकलात तरी पुरेसं येतं. गरजू मुलांना माफी ठेवा, पण माफी कोणाला दिली हे फळ्यावर लिहू नका. दुसरा मार्ग दिवाळी अंक योजना. वेगळी वर्गणी घेऊन अंक फिरवायचे, हे आपण सगळेच करतो. वर्षभर न दिसणारे जुने सभासद त्या दोन महिन्यांत हटकून येतात. तिसरं, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना. पुस्तकांशिवाय इमारत, बालविभाग, व्याख्यानं-चर्चासत्रं यांसाठीही त्यांच्याकडून मदत मिळते. चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा, अर्ज तिथूनच पुढे जातात. यातून जे जमेल त्यातला पहिला खर्च दुपारच्या दोन तासांच्या मानधनाचा धरा. प्रोजेक्टर नंतर.

कार्यक्रमांबद्दल फार लिहीत नाही, कारण कार्यक्रम सगळ्यांनाच सुचतात. एवढंच, की मोठं व्याख्यान वर्षातून एखादं करा आणि त्यासाठी शाळेचा हॉल मागून घ्या. तुमच्या तळमजल्यावर वीस-पंचवीस माणसं मावतात, तेवढ्यांच्याच गोष्टी करा, आणि वार बदलू नका. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी म्हटलं की पाऊस असो, पाहुणा न येवो, दुसऱ्या शनिवारीच. जे बोलाल त्याची पुस्तकं त्याच खोलीत कपाटाबाहेर काढून मांडा आणि तिथल्या तिथे देवघेव करा. आमच्याकडे सगळ्यात टिकला तो गावच्या जुन्या कागदांचा शनिवार. लोकांनी घरातले जुने फोटो, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, बंद पडलेल्या गिरणीच्या पावत्या घेऊन यायच्या, आम्ही त्याचं मोबाइलने छायाचित्र काढून घ्यायचं, मूळ कागद परत. कागदापेक्षा तो कोणाचा यावरची चर्चा लांबायची. यात पेपरच्या टेबलावरची मंडळी एकदम कामाची ठरली, कारण फोटोतली माणसं ओळखणारं दुसरं कोणी उरलंच नव्हतं. अभ्यासिकेतल्या एका मुलाने ती सगळी छायाचित्रं संगणकावर वर्षवार लावली. त्याला आम्ही पहिल्यांदा कपाटाकडे जाताना पाहिलं ते जुने जिल्हा गॅझेटिअर शोधायला.

तपासणीला येणारे साहेब पुस्तकं, सभासद, देवघेव आणि जमाखर्च बघतात. दुपारी किती बायका बसल्या याला रकाना नाही. तरी एक साधी वही दाराशी ठेवा, वेळ आणि आलेल्यांची संख्या, नावं नकोत. सहा महिन्यांनी सर्वसाधारण सभेत तुमच्या दोन्ही गटांपुढे तीच वही ठेवता येईल. कोणत्या वेळी इमारत रिकामी असते आणि कोणत्या वेळी खुर्ची मिळत नाही हे कागदावर दिसलं की भांडणाची पट्टी आपोआप खाली येते. सध्या सगळे अंदाजाने बोलतायत, तुम्हीसुद्धा.

आणि या सगळ्याच्या आधी, मंडळाची बैठक बोलवण्याआधी, एक दुपार ग्रंथपाल बाईंबरोबर बसा. कोण कधी येतं, कोण यायचं बंद झालं, कोणाला उधारीवर पुस्तक दिलं जातं, कोणता नळ गळतो, हे सगळं त्यांना माहीत आहे आणि बहुधा आजवर कोणी विचारलेलं नाही. त्या 'दुपारी नको' म्हणाल्या तर ऐका. मग दुसरा माणूस शोधा, अभ्यासिकेतलीच एखादी मुलगी मिळेल, तिला मानधन द्या आणि दुपारची किल्ली तिच्याकडे द्या. किल्ली तिला देताना मंडळाचा ठराव लिहून घ्या, म्हणजे उद्या एखादं पुस्तक हरवलं तर बोट तिच्याकडे जाणार नाही.